शिवणीतलं कापड

ही कॉलर कुणी शिवली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तिला बरं वाटलं. तपासणीच्या टेबलाच्या कडेवर ती पाय लोंबकळत सोडून बसली होती, बोटाच्या टोकावर कापूस दाबून धरला होता, आणि आईच्या हाताचं कुणी कौतुक केलं की तिच्या अंगावर नेहमीच मूठभर मांस चढत असे. आईनं, ती म्हणाली. आई टेलर आहे. डॉक्टरीणबाईंनी कॉलरची कड दोन बोटांत धरून पाहिली. उंच होती, पण काचत नव्हती. मान वळेल तशी वळणारी. मग त्यांनी वरचं बटण काढायला सांगितलं, तिचे केस एका बाजूला केले आणि मानेमागून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला.

"हे घासून जात नाही ना?"

एवढंच. पुढं त्या पुष्कळ बोलल्या, ती मान डोलावत राहिली, पण आत सगळं त्या एका वाक्यापाशी ठेचकाळून उभं राहिलं होतं. घासून जात नाही, म्हणजे ते कधी जाणारच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी न्हाणीघरात आई तिला पाटावर बसवायची, ओल्या खरखरीत पंच्याला साबण लावायची आणि मान खाली दाबून घासत राहायची. मळाचे थर बसलेत नुसते, बाकी अंगाला पाणी लागतं आणि मानेला काय पाहुण्यासारखं वागवतेस का, असं काहीबाही बोलत. ती कळवळायची. कातडी लाल व्हायची, पण लालीखालून ती काळपट, मखमलीसारखी जाड पट्टी तशीच वर यायची. मग आई पंचा टाकून द्यायची, मानेवर फुंकर घालायची, आणि हातात क्रीमचं बिस्किट यायचं. फुंकर आणि बिस्किट यांसाठी ती घासणं सोसायची. कधी कधी तर वाट पाहायची. पुढं कधीतरी आईनं घासणं सोडलं, आणि तिच्या शर्टांच्या कॉलरी उंच होऊ लागल्या. वर्गातल्या मुलींना त्या आवडल्या. त्यांच्या आया दुकानात येऊन तशीच कॉलर मागू लागल्या आणि एक अख्खं वर्ष शाळेतल्या निम्म्या मुली तिच्या मानेचा मळ झाकत हिंडल्या. या विनोदाला आई आणि ती पोट धरधरून हसायच्या.

तो मळ नव्हता. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की रक्तात इन्शुलिन फार झालं की कातडी अशी होते. कितीतरी वर्षं आधीच ती खबर देत असते, पण मानेमागं डोळे कुणाला असतात. ती खरं तर चष्म्यासाठी बाहेर पडली होती. कामावर पडद्यावरची अक्षरं पुसट होऊ लागली होती. चष्मेवाल्यानं एकदा तपासलं, चार दिवसांनी पुन्हा बोलावून तपासलं, आणि म्हणाला, ताई, तुमचा नंबर एका जागी ठरत नाहीये, मी चष्मा करून दिला तर पैसे फुकट जातील; आधी साखर बघून या. या वयात साखर, म्हणून ती हसली होती. पूर्वी हा आजार पन्नाशीचा होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कॉलेजातली मुलं येतात. आणि तरुणपणी आला की त्याला घाई असते: डोळे, किडन्या, पाय, सगळीकडे लवकर पोचतो. पण वजन उतरलं तर तोही मागं हटतो. कधी कधी गोळ्याही सुटतात. सगळ्यांच्या नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. दोष कुणाचा नसतो. काही रक्तातून येतं, काही ताटातून, काही बसून राहण्यातून, काही अपुऱ्या झोपेतून. घरात कुणाला आहे का? नाही, ती म्हणाली. तपासलंय का कुणाचं? ती कॉलरचं वरचं बटण लावू लागली.

तिची नोकरी लिफ्ट दुरुस्तीच्या तक्रार केंद्रात होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं, कुठं कुणाची लिफ्ट अडकली ते लिहून घ्यायचं आणि त्या भागातल्या मेकॅनिकला कळवायचं. डॉक्टरीणबाईंनी आजार समजावला तो तिला तिच्याच कामासारखा वाटला. शरीरात इन्शुलिन होतं, भरपूर होतं. ते एकसारखं फोन करत होतं आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं. मग ते आणखी जोरात, आणखी वेळा करायचं. बिचारं दमून गेलं असणार. त्या दमलेल्या कुणाची तरी तिला दया आली, स्वतःची आली नाही.

आईला सांगायचं नाही हे तिनं बसस्टॉपवर पोचायच्या आतच ठरवलं होतं. भीती ओरड्याची नव्हती. आई ओरडणारी नव्हतीच. डॉक्टरीणबाईंच्या त्या लांबलचक सांगण्यातून आई एकच वाक्य उचलणार, हे तिला दिसत होतं: म्हणजे मीच खाऊ घालून घालून तुला आजारी केलं. आणि मग त्या दोघींजवळ जे काही होतं, ते सगळं त्या एका वाक्याखाली जाणार. बाबा ट्रकवर होते. एका फेरीहून आलेच नाहीत, दुसऱ्या शहरात दुसऱ्या घरी राहू लागले. तेव्हापासून घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं एक खोली, आणि दोघींचं जेवण कापड कापायच्या टेबलावर. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आई दार लोटायची, कापडांचा ढीग कोपरानं सरकवायची, खडूची भुकटी झटकायची आणि ताटल्या मांडायची. तळलेले बटाटे, लोण्यानं ओलसर झालेला पाव, दाट गोड दूध. घरातला पुरुष गेला म्हणून कुणी बिचारं म्हणू नये, यावर आईनं जणू पैजच घेतली होती. खातं-पितं घर दिसायचं ते लेकीच्या अंगावर. बटण, अजून एक घे, आई म्हणायची. लहानपणी ती गोल, चपटी, चकचकीत दिसायची म्हणून बटण. आई गिऱ्हाइकांच्या नकला करायची: पोट आत ओढून माप देणारी मास्तरीण, दर वेळी मागच्यापेक्षा बारीक झालेय असं आधीच सांगून टाकणारी नर्स. ती हसायची, खायची, पुन्हा हसायची. तिला आठवतं ते सुख त्याच टेबलावरचं आहे, आणि त्या सुखाला तुपालोण्याचा वास आहे. दवाखान्याच्या कागदावर काय काय खायचं नाही ते छापलं होतं. तिला वाटलं, हा कागद लिहिणाऱ्याला माहीत नाही आपण कशावर काट मारतोय.

त्याही आधीची एक गोष्ट तिला अलीकडे फार आठवू लागली होती. आई तिला स्टुलावर उभी करायची. टेपचं पितळी टोक मानेच्या मणक्यावर गार लागायचं. आईच्या ओठांत टाचण्या असायच्या, त्यामुळे आकडे दातांतून यायचे. हात वर, श्वास सोड, हलू नकोस गं माझे बाई. आईचे दोन्ही हात तिच्या पाठीमागून पुढं यायचे आणि क्षणभर, टेपची दोन टोकं जुळेपर्यंत, ती मिठीत असायची. मग एका वर्षी आईनं कंबर मोजली आणि आकडा बोलली नाही. दुसऱ्या वर्षी स्टूलच काढलं नाही. तुझं माप मला तोंडपाठ आहे, म्हणाली. तेव्हापासून कपडे अंदाजानं शिवले जात. आणि ते बसायचे! कधी काचले नाहीत, कधी बटण तुटून उडालं नाही, बसताना कधी शिवण करकरली नाही. प्रत्येक शिवणीत आई आत भरपूर कापड ठेवायची आणि वेळ आली की न बोलता, न विचारता, धुवून इस्त्री करता करता उसवून सोडायची. इतर मुलींना आपण जाड होतोय हे कपडे सांगतात. तिला कुणी सांगितलंच नाही. ती वाढत होती आणि जग तिच्याभोवती तेवढंच सैल राहत होतं.

म्हणून आता तिला एकच गोष्ट हवी होती. कपडे ढगळ व्हायला हवे होते. घरात वजनकाटा नव्हता आणि डॉक्टरीणबाईंकडे जायला अजून अवकाश होता; त्या दिवसाआधी तिच्या कंबरेनं तिला काहीतरी सांगावं, एवढीच तिची मागणी होती. गोळ्यांची पाकिटं तिनं ऑफिसच्या खणात ठेवली. कामाला जाताना आणि येताना बसमधून आधीच्या स्टॉपवर उतरून चालू लागली. यंत्रातल्या पिठूळ गोड कॉफीऐवजी पाणी. आईच्या डब्यातलं निम्मं ती शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला द्यायची. मैत्रीण खाता खाता म्हणायची, तुझी आई तुला सासरी पाठवणार असेल तर मला दत्तक घ्यायला सांग. गोळ्यांनी पोटात ढवळायचं. भूक तर दिवसभर मागं लागलेलीच असायची, कर्जवसुलीवाल्यासारखी, दर वळणावर हजर. बेकरीवरून जाताना ती श्वास रोखून धरायची. घरी संध्याकाळी टेबलावर आई वाढायची तेव्हा ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, तिथंच खाणं झालं, असं ती सांगायची. इतके वाढदिवस झाले की त्या ऑफिसात माणसं वर्षातून तीनतीनदा जन्माला येत असावीत. आई तिच्याकडे बघायची आणि ताटली उचलायची. पूर्वी आई म्हणाली असती, अजून एक घे. हल्ली म्हणत नव्हती. आईनं आग्रह सोडल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं; वाटायचं मात्र उलटंच. कुणीतरी आपला हात सोडून गर्दीत मागं राहिलंय असं.

आणि कपडे तसेच. रोज सकाळी पँटचं बटण लावताना ती पोट जरा आत घेऊन बोट घालून पाहायची. पूर्वी एक बोट जायचं, आताही एकच. शर्टाची बाही दंडावर पूर्वी टेकायची तशी टेकायची. आरशाचा तिला भरवसा नव्हता, आरसा आपल्याला पाहिजे तेच दाखवतो. पण आईच्या शिवणीवर तिचा देवासारखा विश्वास होता. शिवण म्हणत होती, काही झालेलं नाही. चालणं, उपाशी राहणं, पोटात ढवळणं, ते शंभर खोटे वाढदिवस, सगळं पाण्यात. ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं त्या दिवशी ती गेली नाही. काट्यावर उभं राहून त्यांच्यासमोर तोच आकडा ऐकणं तिच्या जिवावर आलं. त्याच आठवड्यात गोळ्याही थांबल्या. थांबवल्या असं तिनं स्वतःशीही म्हटलं नाही. खण उघडला नाही, इतकंच. पुन्हा तहान लागू लागली, अक्षरं पुन्हा पुसट झाली. तिच्या मनात एक विचित्र शांतता आली. काही शरीरांत फोन उचललाच जात नसेल; आपलं त्यातलं.

त्या दुपारी एका जुन्या इमारतीत तीन माणसं लिफ्टमध्ये अडकली होती आणि मेकॅनिक वाटेत होता. आतली बाई फोनवर तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, तुम्ही आहात ना, ठेवू नका हं. ती आहे, आहे म्हणत राहिली. त्या नादात ओढलेल्या खुर्चीच्या लोखंडी कडेत पँटची मागची शिवण अडकून थोडी फाटली. बाई सुटल्यावर ती टाचणी घेऊन बाथरूममध्ये गेली, पँट उतरवली, उलटी केली.

टेलरची मुलगी शिवण बघते ती वाचता येणारा माणूस पाटी बघतो तशी, न ठरवता. मागच्या मधल्या शिवणीत आतल्या बाजूला बोटभराहून अधिक कापड होतं. पूर्वी एवढं नव्हतं. नवी टीप कोऱ्या दोऱ्याची होती, रंग जुन्यापेक्षा एक छटा गडद. तिच्या बाहेर, मोकळ्या कापडावर, एक उसवलेली ओळ होती: सुईची बारीक भोकं, दोरा काढून घेतलेली. त्या ओळीच्याही आत, नव्या टिपेला जवळजवळ लागून, आणखी एक. कमरपट्टीही उसवून पुन्हा बसवलेली. तिनं शर्ट काढून बगलेखालची शिवण पाहिली. तिथंही तेच. आई आत घेत होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ती बारीक होत गेली तसतशी, धुवून इस्त्री करता करता, न बोलता. ती त्या थंड फरशीवर शर्ट हातात घेऊन उभी राहिली. आपण ज्याची वाट पाहत होतो ते होऊन गेलं होतं, कितीतरी आधी, आणि आपल्या अंगापर्यंत पोचू दिलं गेलं नव्हतं. तिला हसू आलं, मग राग आला, मग तिनं टाचणी लावली, डोकं दुखतंय असं सांगून रजा घेतली, खण उघडून गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि निघाली.

भरदुपारी लेक दारात बघून आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. काय झालं, बरं नाही का, हे विचारताना आईचा चेहरा असा उतरला की तिचा राग उंबऱ्यावरच राहिला. ती टेबलापाशी गेली. पँटची मागची बाजू आईकडे करून म्हणाली, फाटलीये, आणि मग, तशीच पाठमोरी, म्हणाली, "तू आत का घेतलीस?"

मागं मशीनवरचं कापड सरकल्याचा आवाज आला. मग आईनं सांगायला सुरुवात केली, तिला नव्हे, समोरच्या कापडाला सांगावं तशी. आईची एक मोठी बहीण होती. ती लग्नाआधीच गेली एवढंच घरात माहीत होतं; तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. ताई अंगापिंडानं चांगली भरलेली, हसरी. एका वर्षात ती उतरत गेली. तहान तहान करायची, तांब्या उशाशी लागायचा. पायाला लागलं ते भरेना. कपडे खांद्यावरून घसरू लागले तेव्हा ती स्वतःच घाबरली; झग्याचा घोळ मुठीत धरून सगळ्यांना दाखवत फिरायची, बघा, बघा म्हणायची. लोक म्हणाले नजर लागली. काय झालं होतं ते कुणी विचारलंच नाही.

"तू जेवण टाकू लागलीस," आई म्हणाली. "खोटं बोलू लागलीस. पँट वाळत घालताना कळलं मला, तू उतरलीस ते. माझ्या हाताला कळतं. म्हटलं, हिला कळू द्यायचं नाही. कपडे ढगळ झाले की माणूस खचतं गं. ताई त्यानंच खचली."

तिनं वळून पाहिलं. आई अजूनही कापडाकडे बघत होती. खाली वाकलेल्या आईच्या मानेवर, घामानं ढिल्या झालेल्या कॉलरीच्या आत, तीच काळपट पट्टी होती; इतकी वर्षं समोर असलेली, आईचा रंग म्हणून सोडून दिलेली. तपासलंय का कुणाचं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

मग तिनं सांगितलं. चष्मेवाला, रक्ताचा थेंब, गोळ्या, बसचा आधीचा स्टॉप, मैत्रिणीला दिलेला डबा. ताईमावशीला जे झालं असेल ते बहुधा हेच, आणि आता त्यावर औषध आहे, आणि बारीक होणं हा आजार नव्हे, इलाज होता. आणि तो चालला होता, हे मला आज बाथरूममध्ये कळलं. शेवटी गोळ्या सोडल्याचंही सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं ज्याची भीती धरली होती ते आलंच, फक्त वाक्य म्हणून नाही, प्रश्न म्हणून.

"म्हणजे माझ्यामुळं?"

नाही हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता. डॉक्टरीणबाईंनी तोच म्हटला असता. पण जिच्या हाताला न मोजता कळतं तिला खोटं माप देऊन चालत नाही.

"थोडं," ती म्हणाली. "थोडं ताईमावशीचं. थोडं माझं. थोडं त्या खुर्चीचं, दिवसभर बसते तिचं."

आईनं तो शब्द घेतला. तोलून पाहिला असावा, ओठ हलले. थोडं, आई स्वतःशी म्हणाली. त्या शब्दानं आई मोडली नाही, याचं तिला नवल वाटलं. मोडली ती पुढच्या वाक्याला, आणि तेही अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"मग आता मी तुला काय देऊ?"

इतके दिवस तिला सैल कपडे हवे होते. ते नव्हे, स्टूल हवं होतं, मानेवरचं गार पितळ हवं होतं, कोपरानं सरकवलेला कापडांचा ढीग आणि नकला आणि लोण्याचा वास हवा होता. यातलं काय मागायचं? काय मागितलं तर मिळतं? दाराशी कुणी बाई ब्लाउज घ्यायला आली. आईनं आज नाही म्हणून सांगितलं, उद्याही नाही, उद्या आम्हाला काम आहे. कसलं काम ते दोघींनाही कळलं होतं: डॉक्टरीणबाईंकडे जायचं. उद्या आईचंही रक्त बघायचं होतं, ते तिनं सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली की म्हातारीच्या रक्तात आता काय बघायचं असतं. आणि नाही म्हणाली नाही.

"जेवायला दे," ती शेवटी म्हणाली. "गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते."

आई उठली. कापडं सरकवली, खडू झटकला. दोन ताटल्या मांडल्या, भाताचं आणि भाजीचं पातेलं आणलं, आणि चमचा हातात घेऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत वाढताना जो हात कधी थांबला नव्हता तो भातावर अडखळला. एक चमचा पडला, तोही अर्धा. आईनं हात आखडता घेतला आणि तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच कुणाचं तरी कापड बिघडवल्यासारखं.

"अजून एक चालतो," ती म्हणाली. "भाजी भरपूर चालते."

तेवढं वाढून झाल्यावर आईला स्वतःचं वाढता येईना. मग तिनंच आईच्या हातातून चमचा घेतला आणि आईच्या ताटलीत आपल्याएवढंच वाढलं, ना कमी ना जास्त. पाकिटातली गोळी काढून ताटलीच्या कडेला ठेवली. आई ताटलीकडे बघत राहिली.

"एवढ्यानं माझं भागतंय होय?"

"नाही," ती म्हणाली. "माझंही नाही भागत."

आणि त्या दोघी, घास पुरवून पुरवून, जेवू लागल्या.